भाताचे पीक : सूर्याचा प्रकाश आणि दिव्याचा उजेड

भातशेतीचा विचार करताना शेतकरी पाणी, बी, खत आणि मजुरी या चार गोष्टींचा हिशेब मांडतो. पाचवी गोष्ट प्रकाश. ती आकाशातून फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब सहसा मांडला जात नाही. अलीकडे मात्र दिव्यांच्या उजेडात पिके वाढविण्याच्या वार्ता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. टोकियो शहरात पासोना या संस्थेने २००५ साली एका उंच इमारतीच्या तळघरात, जेथे पूर्वी बँकेची तिजोरी होती त्या जागी, दिव्यांखाली भाताचे खाचर उभे केले होते. अशा गोष्टी कानावर आल्या की कोकणातील भात उत्पादकाच्या मनात एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आषाढ-श्रावणात येथे आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. मग सूर्याची ही उणीव दिव्याने का भरून काढू नये?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याला त्याचे उत्तर नीट देता आले पाहिजे. कारण चुकीच्या उत्तरापायी एखादा होतकरू तरुण कर्ज काढून दिवे विकत घेईल, आणि दुसरीकडे बांधावरच्या एका दिव्याने कुणाच्या तरी पिकाचे होत असलेले नुकसान कोणाच्या लक्षातही येणार नाही. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, व ते प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रकाशाची दोन कामे

भाताच्या रोपाला प्रकाश दोन निरनिराळ्या कामांसाठी लागतो. पहिले काम अन्न तयार करण्याचे. हवेतील कर्बवायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून हिरवे पान प्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करते. तिच्यातूनच पुढे काडी, पान, लोंबी व दाणा घडतो. दाण्यात साठणाऱ्या पिष्टाचा मोठा भाग तर फुलोऱ्यानंतरच्या दिवसांत पानांनी तयार केलेला असतो. या कामासाठी प्रकाश फार मोठ्या प्रमाणावर लागतो. निरभ्र दुपारी शेतावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो, तर रात्री दिव्यांनी चांगल्या उजळलेल्या कचेरीत तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो. माणसाच्या डोळ्याला कचेरीतील उजेड पुरेसा वाटतो. भाताच्या पानाला मात्र तो उपासमारीचाच होय.

दुसरे काम कालगणनेचे. फुलोऱ्यावर केव्हा यावयाचे हे अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ठरवितात, हा शोध अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर व अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. भात हे लहान दिवसांचे, खरे म्हणजे लांब रात्रींचे, पीक आहे. उत्तर कोकणात जून महिन्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकरा तासांपर्यंत उतरतो. रात्र वाढू लागल्याची जाणीव पानातील फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याच्या योगे रोपाला होते. त्यानंतर पानात एक विशिष्ट प्रथिन तयार होऊन ते शेंड्याकडे जाते, व तेथे पानांऐवजी लोंबी धरू लागते. हा निरोप पोहोचविणारे प्रथिन कोणते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००७ साली भातातच दाखवून दिले. या कामासाठी प्रकाश अत्यल्प पुरतो. रात्री काही लक्स उजेड पडत राहिला तरी रोपाचा समज होतो की, अद्याप दिवस मोठाच आहे.

सारांश, पहिल्या कामाला सूर्याची शक्ती लागते आणि दुसऱ्या कामाला एखाद्या दिव्याचा मंद उजेडही पुरतो. दिवा कोठे उपयोगी पडेल, कोठे निरुपयोगी ठरेल आणि कोठे अपाय करील, याचे उत्तर या एका भेदात सामावलेले आहे.

दिव्याखालच्या भाताचा हिशेब

आता पहिल्या कामाचा हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर भात वाढवावयाचा आहे असे समजू. चांगल्या प्रतीचे चारशे वॅटचे एलईडी दिवे तेवढ्या जागेवर लावले तर भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे निम्मा उपयुक्त प्रकाश मिळू शकतो. हे दिवे रोज दहा तास याप्रमाणे शंभर दिवस चालविले तर ४०० युनिट वीज लागते. युनिटला पाच रुपये दर धरला तरी खर्च २,००० रुपये होतो. दिव्यांची किंमत, खोली थंड राखण्याचा खर्च व देखरेख या गोष्टी यात धरलेल्या नाहीत.

उत्पन्नाची बाजू पाहावी. एकरी २० क्विंटल भात पिकला तर एका चौरस मीटरला जेमतेम अर्धा किलो भात येतो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण प्रतीच्या भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली आहे. त्या भावाने अर्ध्या किलोचे सुमारे १२ रुपये होतात. दिव्याखाली पीक दुप्पट आले असे मानले तरी २४ रुपयांच्या मालासाठी २,००० रुपयांची वीज जाळावी लागते. पालेभाज्या किंवा फुले यांची गोष्ट निराळी. त्यांचे पीक थोड्या दिवसांत निघते व किलोमागे दाम अधिक मिळतो. भाताला हा व्यवहार कोणत्याही अंगाने परवडणारा नाही.

यावर कोणी म्हणेल की, वीज सौर पटलांपासून मिळवावी, म्हणजे ती फुकट पडेल. परंतु हा आक्षेप हिशेबापुढे टिकत नाही. पटलावर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्शाचीच वीज होते, व त्या विजेचा पुन्हा प्रकाश करताना निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. एका एकरावरील भाताला उन्हाइतका उपयुक्त प्रकाश दिव्यांनी पुरवावयाचा तर सुमारे चार एकर जमीन पटलांनी झाकावी लागेल. चार एकरांवरील ऊन गोळा करून एका एकराला देण्यापेक्षा त्या चार एकरांतच भात लावणे शहाणपणाचे, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही.

टोकियोतील तळघरातील खाचर शहरवासीयांना शेतीचे दर्शन घडविण्यासाठी होते. त्याचे मोल प्रदर्शन म्हणून करावे. पीकपद्धती म्हणून त्याचे अनुकरण करू नये.

दिव्याचे योग्य स्थान

याचा अर्थ भाताच्या बाबतीत दिवा निरर्थक आहे असा मात्र नव्हे. नवीन वाण तयार करणाऱ्या पैदासकाराच्या हाती तो फार मोलाचे साधन ठरला आहे. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रकाश, उष्णता व आर्द्रता यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या खोल्यांतून भाताचा अभ्यास अनेक वर्षे चालत आला आहे. याच संस्थेच्या वाराणसी येथील दक्षिण आशिया केंद्रातील शास्त्रज्ञांनी भाताच्या पिढ्या जलद काढण्याची एक पद्धती २०२४ साली प्रसिद्ध केली. तीत रोपांना आरंभीचे सुमारे पंधरा दिवस अहोरात्र प्रकाश देऊन जोमाने वाढवितात, आणि मग प्रकाश दिवसाकाठी दहा तासांवर आणून त्यांना लवकर फुलोऱ्यास लावतात. तांबड्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाणही ठरवून देण्यात येते. या रीतीने भात सुमारे साठ दिवसांत फुलतो व वर्षाला चार ते पाच पिढ्या घेता येतात.

या गोष्टीचे महत्त्व शेतकऱ्याच्या दृष्टीने काय, हे पाहिले पाहिजे. दोन वाणांचा संकर केल्यावर त्याच्या संततीतील गुण स्थिर होण्यास सहा-सात पिढ्या लागतात. शेतात वर्षाला दोन पिढ्या मिळाल्या तरी यास तीन-साडेतीन वर्षे जातात. दिव्याखाली हेच काम सुमारे दीड वर्षात उरकते. त्यानंतरच्या शेतावरील चाचण्या अर्थातच टाळता येत नाहीत. तथापि खार जमिनीत तग धरणारा, करप्यास दाद न देणारा किंवा वाऱ्यापावसात न लोळणारा वाण शेतकऱ्याच्या हाती दोन वर्षे आधी पडला तर तो लाभ लहान नव्हे. येथे काही चौरस मीटरांवर जळलेली वीज हजारो एकरांच्या उपयोगी पडते. म्हणूनच प्रयोगशाळेत ती वीज सार्थकी लागते, खाचरात लागत नाही.

शेतकऱ्याच्या बांधावर दिव्याला आणखी एक जागा आहे, ती म्हणजे प्रकाश सापळ्याची. खोडकिडीचे पतंग व तुडतुडे उजेडाकडे ओढले जातात. गरजेच्या दिवसांत सापळा संध्याकाळी काही तास लावल्यास किडींचा अंदाजही येतो आणि काही किडींचा नायनाटही होतो. मात्र तो रात्रभर जळत ठेवू नये. त्याचे कारण पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बांधाशेजारचा दिवा

गावोगावी रस्त्यांवर आता पांढऱ्या प्रखर उजेडाचे एलईडी दिवे आले आहेत. नाक्यानाक्यांवर उंच खांब उभे राहिले आहेत. ही सोय आवश्यक आहे. सर्पदंशाचे भय, रात्रीची ये-जा, स्त्रियांची व मुलांची सुरक्षितता या गोष्टी ध्यानात घेता गावातील दिवे मालवा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु खांब जेव्हा भातखाचराला लागून असतो व त्याचा उजेड रस्त्यापेक्षा खाचरावर अधिक पडतो, तेव्हा त्या पट्ट्यातील भाताची कालगणना बिघडते. रात्र लांबल्याचे त्याला उमगत नाही. भोवतालचे भात निसवून पिवळे पडू लागते तरी दिव्याखालचे भात हिरवेच राहते. लोंबी उशिरा बाहेर पडते, आणि काही वेळा कापणीच्या वेळेस दाणा भरलेलाच नसतो.

हा परिणाम सर्व वाणांवर सारखा होत नाही. दिवसाच्या लांबीवर अवलंबून असणाऱ्या गरव्या व जुन्या स्थानिक वाणांना तो अधिक जाणवतो. १९६६ साली प्रसृत झालेल्या आय. आर. ८ या वाणापासून दिवसाच्या लांबीला फारशी दाद न देणारे अनेक वाण आले, त्यांना तो कमी जाणवतो. जपान व कोरिया या देशांत या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झालेला आहे, आणि जपानमधील यामागुची विद्यापीठातील संशोधकांनी तर भाताला बाधा न होईल अशा रस्त्यावरील दिव्यांवर काम केले आहे. आपल्याकडे मात्र हे नुकसान बहुधा बियाण्यातील भेसळीच्या किंवा खताच्या माथी मारले जाते.

नुकसान केवळ त्या पट्ट्यापुरते थांबत नाही. सारे शेत कापावयाचे आणि दहा-वीस पावलांचा तुकडा उभा ठेवावयाचा, म्हणजे मजुरी दोनदा येते. मागे राहिलेल्या तुकड्यावर पाखरे तुटून पडतात. भातानंतर जमिनीतील ओलीवर वाल किंवा हरभरा पेरावयाचा असेल तर तेवढ्या जागेतील ओल निघून जाते. ज्याचे सारे शेतच पाच-दहा गुंठ्यांचे, त्याला एका खांबाची किंमत मोठी पडते.

यावर उपाय खर्चिक नाही. दिव्याला खाचराच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करावा, दिव्याचे तोंड रस्त्याकडे खाली वळवावे, आणि जेथे रहदारी नाही तेथे लावणीनंतरच्या पाच-सहा आठवड्यांपासून भात निसवेपर्यंत मध्यरात्रीनंतर तरी दिवा बंद ठेवावा. नवीन खांब रोवताना कोणत्या बाजूस खाचर आहे, एवढे ग्रामपंचायतीने पाहिले तरी अर्धा प्रश्न सुटेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने येथे वाद घालण्यापेक्षा पुरावा दाखवावा. भात निसवण्याच्या वेळी गावातील खांबांच्या आजूबाजूची खाचरे पाहावीत. जेथे निसवणे मागे पडले असेल तेथे काठ्या रोवून खूण करावी. खांबापासूनचे अंतर पावलांनी मोजावे आणि वाणाचे नाव टिपून ठेवावे. हीच टिपणे ग्रामसभेपुढे मांडावीत. दिव्याच्या बाजूने गोलाकार हिरवा पट्टा उठलेला सर्वांनी डोळ्यांनी पाहिल्यावर पत्र्याच्या एका तुकड्याचा खर्च कोणी नाकारील असे वाटत नाही.

खाचरातील सूर्य

दिवे विकत घेऊन प्रकाश वाढविता येत नाही, हे खरे. परंतु आलेला सूर्यप्रकाश वाया जाऊ न देणे शेतकऱ्याच्या हाती आहे. भात संशोधनातून असे दिसून आले आहे की, वाढीच्या आरंभीच्या काळात प्रकाश कमी मिळाला तर उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. लोंबी धरण्यापासून निसवेपर्यंतच्या काळात तो कमी पडला तर लोंबीतील दाण्यांची संख्या घटते, आणि निसवल्यानंतर कमी पडला तर पोचट दाणे वाढतात. म्हणून खरी काळजी शेवटच्या दोन महिन्यांच्या प्रकाशाची घ्यावयाची आहे.

या दृष्टीने वाणाची निवड हीच प्रकाशाची निवड होय. हळवे भात सप्टेंबरच्या सुमारास निसवते, त्यामुळे त्याची लोंबी ऐन ढगाळ दिवसांत धरते. गरवे भात पाऊस ओसरल्यावर, स्वच्छ उन्हात दाणे भरते. अर्थात वरकस व उथळ जमिनीत शेवटची ओल टिकत नाही. तेथे कर्जत-३ किंवा रत्नागिरी-१ यांसारखे हळवे वाणच योग्य. परंतु पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरांतही केवळ लवकर मोकळे होण्यासाठी हळवे भात लावावयाचे, म्हणजे आश्विनातील ऊन हातचे घालविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. बांधावरील ऐन, किंजळ यांची झाडे तोडू नयेत. ती राबाला कवळ देतात व बांध धरून ठेवतात. मात्र त्यांच्या खालच्या फांद्या वेळेवर छाटाव्यात. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीपूर्वी तोडून खाचरात गाडला तर हिरवळीचे खतही मिळते व सावलीही हटते.

तिसरी गोष्ट लावणीची. दाट व वेडीवाकडी लावणी केली की रोपे एकमेकांच्या सावलीत वाढतात, खालची पाने पिवळी पडतात व काडी कमजोर होते. चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवून लावणी करतात. त्यामुळे मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून उजेड बुंध्यापर्यंत पोहोचतो आणि खताच्या गोळ्या खोचण्यासही जागा मिळते.

चौथी गोष्ट नत्राची. ढगाळ दिवसांत नत्र एकदम अधिक दिले तर पाने वाढून स्वतःच आपल्यावर सावली धरतात, पीक लोळते आणि करप्यास आमंत्रण मिळते. प्रकाश कमी असताना अधिक खत देऊन त्याची भरपाई होत नाही, उलट हानी वाढते. नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे व लोंबी धरण्याच्या वेळचा हप्ता चुकवू नये.

शेवटची गोष्ट वायंगणाची. ज्यांना पावसाळ्यानंतर पाण्याची शाश्वती आहे त्यांनी उन्हाळी भाताचा विचार अवश्य करावा. फेब्रुवारी ते एप्रिलमधील निरभ्र आकाशाखाली पिकास जो प्रकाश मिळतो तो पावसाळ्यात कधीही मिळत नाही. मात्र येथे दिवसाच्या लांबीला दाद न देणारे वाणच लावावेत. गरवे स्थानिक वाण वाढत्या दिवसांत निसवण्याची वाट पाहावयास लावतील, आणि ती वाट पुढच्या शरद ऋतूपर्यंत लांबण्याचाही संभव असतो.

नवीन साधनांविषयी उत्सुकता असणे हे जागृत शेतकऱ्याचे लक्षण आहे, आणि तिला उत्तेजनच दिले पाहिजे. पण प्रत्येक साधनाची जागा निराळी असते. दिव्याचा उजेड पैदासकाराच्या खोलीत शोभतो; तेथे तो वर्षांची बचत करतो. बांधाशेजारी त्याला झाकण हवे. आणि खाचरात मात्र सूर्यच हवा. त्याचा प्रकाश विकत घ्यावा लागत नाही, एवढ्यावरून तो कितीही वाया गेला तरी चालेल असे मानणे ही भातशेतीत आजवर होत आलेली महागडी चूक आहे. येत्या खरिपात बियाण्याची मागणी नोंदविताना प्रत्येक खाचराचे पाणी केव्हापर्यंत टिकते व त्यावर सावली कशाची पडते, या दोन गोष्टी शेतकऱ्याने आणि कार्यकर्त्याने बांधावर उभे राहून एकत्र पाहाव्यात, आणि त्यानंतरच वाणाचे नाव लिहावे.